काचेवर पाणी येईना? गॅरेजला जाण्याआधी मोटरचा आवाज ऐका

गाळप हंगामात पहाटे गाडी चालवणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. टेंभुर्णीहून पंढरपूरकडे निघालात, अजून नीट फटफटलेलंही नाही. पुढे उसाने भरलेली ट्रॉली, तिच्या चाकांना शेतातली काळी माती चिकटलेली. रस्ता दवाने ओला. ट्रॉलीच्या मागे लागताच चिखलाचे शिंतोडे समोरच्या काचेवर येऊन बसतात. तुम्ही सवयीने स्टिअरिंगजवळची काडी ओढता. वायपर फिरतो, पण पाणी येत नाही. कोरडा वायपर चिखल पुसत नाही, तो काचभर पसरवतो. तेवढ्यात समोरून मोठी गाडी येते आणि तिच्या उजेडात अख्खी काच पांढरी होते. पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही.

गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर ती सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. काच तीन सेकंद आंधळी झाली, तरी तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. आणि त्या ५० मीटरमध्ये मागचा लाल दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली दुसरी ट्रॉली उभी असू शकते. आपल्या भागात हंगामात असे अपघात का होतात, हे कुणाला वेगळं सांगायला नको.

म्हणून काचेवर पाणी मारणारा वॉशर ही चैनीची गोष्ट नाही. ब्रेक, दिवे आणि टायर यांच्याबरोबरच तो बघायला हवा. पण होतं असं की वॉशर बंद पडला तरी गाडी चालू राहते, त्यामुळे आपण 'बघू नंतर' म्हणतो. नाही तर मग गॅरेजला नेतो आणि तिथे थेट 'मोटर गेली, बदलावी लागेल' असं ऐकून येतो. खरं तर बऱ्याचदा मोटर धडधाकट असते. बिघाड असतो तो बुजलेल्या भोकात, निसटलेल्या नळीत किंवा उडालेल्या फ्यूजमध्ये. हे तिन्ही घरी अंगणात बसून सापडतं. कसं, ते एकेक करून बघू.

यंत्रणा एवढीशीच

शेतकऱ्याला ही यंत्रणा समजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत, कारण ती फवारणीच्या बॅटरी पंपासारखीच आहे. एक प्लास्टिकची टाकी. टाकीच्या तळाशी बसवलेला १२ व्होल्टचा छोटा पंप, त्यालाच आपण मोटर म्हणतो. पंपातून निघून बॉनेटखालून काचेपर्यंत जाणारी बारीक रबरी नळी. नळीच्या शेवटी नोझल, म्हणजे बारीक भोकं असलेला फवारा. काही गाड्यांत नळीच्या मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो पाण्याला पुढे जाऊ देतो, मागे टाकीत परत येऊ देत नाही.

काडी ओढली की फ्यूजमधून वीज पंपाला जाते, पंप फिरतो आणि पाणी नोझलमधून काचेवर उडतं. बस्स. आता बिघाड एक तर विजेच्या बाजूला असणार, नाही तर पाण्याच्या बाजूला. कुठल्या बाजूला, हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

आधी टाकी, मग बाकी

हसू नका, पण पहिली तपासणी टाकीत पाणी आहे का हीच. बॉनेट उघडा. ज्या झाकणावर काच आणि फवाऱ्याचं चित्र आहे, ते वॉशरच्या टाकीचं.

शेजारीच कूलंटची टाकी असते आणि दोन्हींची गल्लत होते. कूलंटच्या टाकीत साधं पाणी ओतलं तर इंजिनचं नुकसान. वॉशरच्या टाकीत कूलंट ओतलं तर काच बुळबुळीत होते, दिसायचं आणखी कमी होतं. शिवाय कूलंट विषारी असतं. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण चुकूनही उघडू नका, उकळतं पाणी आणि वाफ अंगावर येते. चित्राची खात्री करूनच झाकणाला हात लावा.

टाकी रिकामी असेल तर लीटरभर स्वच्छ पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. खाली थेंब थेंब गळत असेल तर टाकीला चीर गेली आहे किंवा पंप जिथे टाकीत बसतो तिथलं रबरी वायसर कडक झालं आहे. गळती नसेल तर पुढे चला.

आता आवाज ऐका

या कामाला दोघं लागतात. इंजिन बंद ठेवा, पण चावी फिरवून डॅशबोर्डचे दिवे लावा, कारण बहुतेक गाड्यांत त्याशिवाय वॉशर चालत नाही. एक जण आत बसून काडी ओढेल, दुसरा बॉनेट उघडून कान देईल. चावी चालू असताना रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो. म्हणून गळ्यातला गमछा, ओढणी, पदर काढून किंवा खोचून घ्या. हात पंख्यापासून लांब ठेवा.

काडी एका वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त ओढून धरू नका. हा पंप पाण्याने थंड राहतो, कोरडा फिरवत ठेवला तर जळतो. 'येईल येईल' म्हणत मिनिटभर काडी धरून बसणारे चांगला पंप स्वतःच्या हाताने घालवतात.

ओढल्यावर टाकीच्या बाजूने 'गूंऽऽ' असा बारीक आवाज आला तर वीज पोचते आहे आणि मोटर फिरते आहे. बिघाड पाण्याच्या बाजूला आहे. आवाजच आला नाही तर बिघाड विजेच्या बाजूला आहे, किंवा पंपच जाम झाला आहे.

ज्यांच्या गाडीला मागच्या काचेलाही वॉशर आहे, त्यांनी तोही चालवून बघा. बऱ्याच गाड्यांत पुढे आणि मागे पाणी मारायला एकच मोटर असते. एकीकडे फिरली की पुढे पाणी, उलटी फिरली की मागे. तुमची गाडी तशी असेल, मागे पाणी येत असेल आणि पुढे येत नसेल, तर मोटर मेलेली नाही एवढं नक्की.

आवाज येतो, पाणी येत नाही

इथे शोध काचेकडून टाकीकडे, म्हणजे उलट्या दिशेने करायचा. शेवटच्या टोकापासून सुरुवात केली की काम लवकर होतं.

*पहिलं, नोझल.* बॉनेटच्या आतल्या बाजूने बघितलं तर नोझलला जोडलेली नळी दिसते. काही गाड्यांत ती जाड काळ्या पॅडखाली लपलेली असते. पॅडच्या प्लास्टिकच्या क्लिपा हलक्या हाताने काढा. नळी नोझलपासून ओढून मोकळी करा, टोक बाहेरच्या बाजूला धरा आणि आतल्याला काडी ओढायला सांगा. नळीतून जोरात पिचकारी उडाली तर बाकी सगळं ठीक आहे, फक्त नोझल बुजलं आहे.

नोझलच्या भोकात बारीक टाचणी किंवा शिवणाची सुई हलकेच फिरवा. घाण आत ढकलू नका, उकरून बाहेर काढा. मग सुई काढलेल्या सिरिंजमध्ये कोमट पाणी भरून नोझलच्या आतल्या बाजूने दाबा, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्या वाटेने परत न जाता बाहेर पडेल. नव्या गाड्यांत एका धारेऐवजी पंख्यासारखा फवारा मारणारं नोझल असतं. त्यात सुई घालू नका, आतली बारीक चीप बिघडते. ते कोमट पाण्यात भिजवून, सिरिंजनेच धुवा.

*दुसरं, जोड आणि व्हॉल्व्ह.* नळीच्या टोकाला पाणी आलंच नाही तर मागे या. दोन नोझलसाठी नळीला फाटा फुटतो तिथे इंग्रजी टी अक्षरासारखा जोड असतो. तो निसटला किंवा तडकला की सगळं पाणी बॉनेटखालीच सांडतं. काडी ओढल्यावर बॉनेटच्या बिजागरीपाशी ओलं होतंय का बघा. बॉनेट रोज उघडझाप झाल्याने नळी तिथेच पिचते.

मधला व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघा. एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अडली पाहिजे. दोन्हीकडून अडत असेल तर तो बुजला. परत बसवताना त्यावरचा बाण नोझलच्या दिशेला हवा. उलटा बसवला तर पाणी एक थेंबही पुढे जाणार नाही आणि तुम्ही दिवसभर बाकीचं उघडत बसाल.

*तिसरं, पंपाचं तोंड.* इथपर्यंत पाणी नाही म्हटल्यावर टाकीजवळ जा. पंप टाकीच्या अगदी खाली असतो. जुन्या व्हॅन-जीपला तो बॉनेटखालीच हाताला लागतो. बऱ्याच मोटारींत मात्र तो पुढच्या बंपरमागे किंवा चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाआड असतो. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, आवरणाच्या दोन-चार क्लिपा काढा, बऱ्याचदा तेवढ्यावर हात आत जातो. गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली डोकं घालू नका. जॅक सटकतो. टायर काढावाच लागला तर बाकीच्या चाकांना दगड लावा आणि गाडीखाली भक्कम आधार द्या.

खाली बादली ठेवा, कारण पंप ओढून काढला की टाकीतलं सगळं पाणी बाहेर येतं. पंप टाकीत शिरतो तिथे छोटी जाळी असते. बहुतेक वेळा ती शेवाळ आणि गाळाने माखलेली सापडते. जाळी जुन्या टूथब्रशने घासा. टाकीत दोन-तीनदा पाणी ओतून ती खळखळून धुवा. पंप परत बसवताना रबरी वायसरला पाण्याचा हात लावा, तो सहज बसतो आणि फाटत नाही.

उंदरांचा कारभार

शहरातल्या लेखात हे सापडणार नाही, पण आपल्याकडे हे कारण वर आहे. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी, धान्याच्या खोलीजवळ किंवा उसाच्या फडालगत उभी राहते. थंडीत इंजिनची ऊब मिळते म्हणून उंदीर बॉनेटमध्ये शिरतात आणि नळ्या, वायरी कुरतडतात. वॉशरची मऊ नळी त्यांना फार आवडते.

कुरतडलेल्या नळीवर चिकटपट्टी गुंडाळून काही होत नाही. पाण्याचा दाब आला की ती सुटते. कुरतडलेला भाग ब्लेडने सरळ कापून टाका आणि दोन टोकं प्लास्टिकच्या छोट्या जोडाने जोडा. कापलेला तुकडा खिशात घालून ऑटो पार्टच्या दुकानात जा, मापाचा जोड मिळतो. तिथे नाही मिळाला तर ठिबकचं साहित्य विकणाऱ्याकडे बारीक नळीचे जोड असतात, त्यातला मापाने बसणारा बघा. नळीचं टोक कडक झालं असेल तर गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, मऊ होऊन जोडावर चढतं.

नळी कुरतडलेली दिसली की आजूबाजूच्या वायरीही बघा. नळीचं नुकसान फार तर पाण्याचं, वायर सोललेली राहिली तर शॉर्ट होऊन आगीची भीती.

आवाजच येत नाही

आधी फ्यूज. चावी काढून घ्या. फ्यूजची पेटी डॅशबोर्डखाली, बॉनेटखाली किंवा दोन्हीकडे असते. झाकणाच्या आत नकाशा असतो, गाडीच्या पुस्तकातही असतो. वॉशरचा किंवा वायपर-वॉशरचा फ्यूज शोधून बाहेर काढा आणि उजेडाकडे धरा. आतली तार तुटलेली असेल तर फ्यूज गेला.

नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. रंगावरूनही कळतं, लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जास्त अँपिअरचा फ्यूज, वायरचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घालून वेळ मारून नेऊ नका. फ्यूज जळतो तो वायरिंग वाचवण्यासाठी. त्याला जळू दिलं नाही तर त्याच्या जागी वायरिंग जळतं. नवा फ्यूज लगेच उडाला तर तिथेच थांबा. कुठेतरी शॉर्ट आहे, ते काम इलेक्ट्रिशियनचं.

फ्यूज ठीक असेल तर पंपाचं कनेक्टर काढून बघा. दोन पितळी पिना असतात. पंप चाकाजवळ असल्याने पाणी, चिखल तिथे पोचतो आणि पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर येतो. बारीक पॉलिश पेपरने तो घासा, कोरडं करून घट्ट बसवा. पुष्कळदा एवढ्यावर आवाज परत येतो.

तरी नाही आला तर कनेक्टरमध्ये वीज येते का बघायचं. मल्टिमीटर असेल तर उत्तम. नसेल तर १२ व्होल्टच्या छोट्या बल्बला दोन वायरी जोडून कनेक्टरच्या दोन टोकांना लावा आणि आतल्याला काडी ओढायला सांगा. घरातला विजेचा टेस्टर इथे उपयोगी नाही, तो २३० व्होल्टसाठी असतो, १२ व्होल्टला पेटत नाही.

बल्ब पेटला म्हणजे वीज येते आहे, पंप फिरत नाही. कनेक्टर परत लावा, काडी ओढायला सांगा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पंपावर हलकेच टकटक करा. खूप दिवस न वापरलेला पंप क्षाराने किंवा गाळाने अडकलेला असतो, तो कधीकधी असा सुटतो. सुटला तर टाकी धुवून घ्या आणि पुढच्या काही दिवसांत रोज एकदा वॉशर चालवा. परत अडकला किंवा मुळीच सुटला नाही, तर पंप बदलायचा. तो काही शे रुपयांत मिळतो आणि वर सांगितल्याप्रमाणे ओढून काढता-बसवता येतो. दुकानात जाताना जुना पंप सोबत न्या.

बल्ब पेटलाच नाही तर दोष काडीतल्या स्विचमध्ये, रिलेत किंवा मधल्या वायरीत. इथे स्टिअरिंगचं आवरण उघडावं लागतं. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, तिथे घरी हात घालू नका.

पाणी येतं, पण नको तिथं

कुणाच्या गाडीचं पाणी छतावरून मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर, तर कुणाचं नुसतं वायपरच्या बुडाशी. अशा वेळी बिघाड काही नसतो, नोझलची दिशा बदललेली असते. जुन्या पद्धतीच्या नोझलमध्ये छोटी गोळी असते. तिच्या भोकात टाचणीचं टोक घालून ती अगदी किंचित हलवा. उभ्या गाडीत धार काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर पडली पाहिजे. वेगात असताना वारा ती खाली दाबतो, मग ती बरोबर नजरेसमोर येते.

काडी ओढल्यावर दोन-तीन सेकंदांनी पाणी येत असेल तर एक तर नळी कुठे तरी झिरपते आहे, नाही तर मधला व्हॉल्व्ह गेला आहे. गाडी उभी असताना नळीतलं पाणी टाकीत उतरतं आणि प्रत्येक वेळी पंपाला नळी नव्याने भरावी लागते. वरच्या हिशेबाने ६० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. त्यामुळे 'येतंय ना पाणी, मग झालं' असं म्हणून हे सोडून देऊ नका.

मूळ दुखणं बोअरच्या पाण्यात

नोझल साफ केलं, महिन्याने परत बुजलं, असं होत असेल तर टाकीत कुठलं पाणी जातं ते बघा. आपल्या बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड आहे, क्षार भरपूर. गॅसवरच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, ठिबकचे ड्रिपर ज्याने बुजतात, तोच थर नोझलच्या भोकात धरतो. उन्हात बॉनेट तापतं, नोझलच्या तोंडातलं पाणी सुकतं आणि क्षार तिथेच बसतो. रोज थोडा थोडा.

हा थर टाचणीने पूर्ण जात नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत्व चमचाभर घ्या, पेलाभर कोमट पाण्यात विरघळवा, नोझल काढून त्यात अर्धा तास ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा. नोझल निघत नसेल तर तेच पाणी सिरिंजने आत सोडा, पण बॉनेटच्या रंगावर सांडलेलं लगेच धुवून टाका. ठिबकसाठी आणलेलं ॲसिड मात्र इथे वापरू नका. त्याने रंग आणि पत्रा खराब होतो, हातही भाजतो.

पुढे टाकीत जारचं आरओचं पाणी भरा. पावसाळ्यात स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणीही चालतं. त्यात दुकानात मिळणारं वॉशरचं लिक्विड बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका.

कपडे धुण्याची पावडर टाकीत टाकू नका. ती नीट विरघळत नाही, जाळीवर बसते, आणि काचेवर फेस होऊन उजेडात चमकते. शाम्पूचंही तेच. काच 'चकाचक' व्हावी म्हणून कुणी रॉकेल, डिझेल टाकायचा सल्ला दिला तर ऐकू नका. त्याने रबर फुगतं आणि काचेवर तेलकट पडदा धरतो, रात्री समोरचा उजेड त्यावर फाकतो.

पाणी आलं तरी वायपर बघा

वॉशर दुरुस्त झाला आणि वायपरचं रबर उन्हाने तडकलेलं असेल तर उपयोग अर्धाच. महिन्यातून एकदा रबर ओल्या फडक्याने पुसा. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत पुसा. रबराची कड फाटली असेल, काचेवर रेघा उरत असतील तर ते बदला. वायपर चालू स्थितीत असणं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे, ही गोष्ट वेगळीच.

कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांच्या काचेवर सकाळी चिमणीची काळी राख असते. तिच्यावर कोरडा वायपर फिरवला तर आधी काळे फराटे उठतात आणि रोज असं केलं तर काचेवर कायमचे ओरखडे पडतात. काळ्या मातीचा वाळलेला चिखलही तसाच. त्यात बारीक खर असते, ती काच घासते. आधी तांब्याभर पाणी ओता, मग वायपर. हा नियम घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा.

रस्त्यातच पाणी बंद झालं तर

वाटेत काच माखली आणि पाणी आलं नाही, तर वायपर लगेच बंद करा. वेग हळूहळू कमी करा, एकदम ब्रेक मारू नका, मागच्यालाही तुमच्यासारखंच कमी दिसत असतं. इंडिकेटर देऊन रस्त्याच्या पूर्ण कडेला, डांबर सोडून उभे राहा. चारही इंडिकेटर एकदम लावणारं बटण दाबा. काच खाली करून, डोकं बाहेर काढून 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' असं करू नका.

यासाठी गाडीत कायम एक लीटरची बाटली भरून ठेवा आणि तिच्या झाकणाला खिळ्याने चार-पाच भोकं पाडा. दाबली की चांगली धार पडते. सोबत एक सुती फडकं. सांगोला, मंगळवेढा, करमाळा अशा लांबच्या रस्त्यांवर रात्री फिरणाऱ्यांना या बाटलीचं महत्त्व लवकर पटेल. पुढच्या ट्रॉलीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवलं तर शिंतोडेही कमी उडतात आणि ती थांबली तर वेळही मिळतो.

गॅरेजला जायचंच झालं तर

सगळं घरी झालं पाहिजे असं नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, कनेक्टरमध्ये वीज येत नाही, टाकी फुटली आहे, बंपर पूर्ण काढावा लागतोय, अशा वेळी मिस्त्रीकडे जा. पण जाताना 'पाणी येत नाही, बघा जरा' एवढंच सांगू नका. 'मोटरचा आवाज येतो, नोझलपर्यंत पाणी येत नाही' किंवा 'फ्यूज चांगला आहे, कनेक्टरला वीज येते, मोटर फिरत नाही' असं सांगा. मिस्त्रीचा वेळ वाचतो, आणि नको तो पार्ट बदलला जाण्याची शक्यताही कमी होते. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

आणि एक सवय लावून घ्या. दर वेळी तेल भरायला पंपावर थांबलात की रांगेत उभ्या उभ्या एकदा काडी ओढा. पाणी आलं तर काचही साफ होईल आणि नोझलही मोकळं राहील. नाही आलं, तर ते तिथेच कळेल, उजेडात, उभ्या गाडीत. पहाटे ट्रॉलीच्या मागे कळण्यापेक्षा ते केव्हाही बरं.